झाकल्या हाताचं भांडं

आमच्या गावात प्रमुख असलेल्या गेराच्या अंगठीला ओठ लावले की भांडण संपतं. वेशीत बसलेले वडीलधारे निकाल देतात, गेरा हात पुढे करतो, हरलेल्याने वाकून अंगठीवर कोरलेल्या बैलाचं चुंबन घ्यायचं आणि मुकाट घरी जायचं. मला त्या बैलाचा लहानपणापासून राग आहे. माझ्या बापाची विहीर त्या बैलाच्या घशात गेली तेव्हा अंगठी गेराच्या बापाच्या बोटात होती. बापाने वाकून ओठ लावले ते मी बघितलं होतं. तेव्हाच ठरवलं होतं, मी कधी वाकणार नाही म्हणून. दुष्काळाने तेही करायला लावलं.

मी हग्ला. नवरा कधीच गेला. मुलगा एफेर धान्य आणायला व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर मिसर देशात गेला, तो अजून परतलेला नाही. घरात मी, माझी सून तिम्ना आणि तिची तान्ही मुलगी. तिम्ना शेजारच्या अदोम देशाची, म्हणजे आमच्या लोकांच्या लेखी परकी. मी ते विसरून गेले होते. गावाने विसरू दिलं नाही.

आधीच्या वर्षी पाऊस झाला नाही. यंदाही झाला नाही, आणि वर सातवं वर्ष येऊन बसलं. सातव्या वर्षी आम्ही नांगर धरत नाही, जमिनीला विसावा देतो. जे आपोआप उगवेल त्यावर मालकाचा हक्क नाही. ते आधी गोरगरिबांचं आणि उरलं तर रानातल्या जनावरांचं. परमेश्वराची तशी आज्ञाच आहे, आणि मला विचाराल तर त्याच्या सगळ्या आज्ञांत मला हीच सगळ्यात आवडते.

पण आपोआप उगवायलाही ओल लागते. सगळ्यांच्या जमिनींची धूळ झाली होती. ओल होती ती एकट्या गेराच्या शेतात, खाली ओढ्याच्या पात्राला लागून. तिथे गोल पानांची भाजी गुडघ्याएवढी वाढली होती, मागच्या सुगीत सांडलेला जव मधून मधून डोकं काढून उभा होता. आणि गेराने काय करावं? शेताला काट्यांचं कुंपण घातलं.

"अगं, जनावरं शिरतील," तो मला म्हणाला. "गरिबांच्या तोंडचा घास जाईल. तुमच्यासाठीच घातलंय, हग्ला. कुणाला काही हवं असलं तर मला सांगा, मी उघडून देतो."

सांगायला गेलं की गेरा झोपलेला असायचा. झोपलेला नसला तर प्रार्थनेला बसलेला. प्रार्थनेला बसलेला नसला तर कुठे तरी गेलेला. त्याच्या चार शेळ्या मात्र त्या कुंपणाच्या आत बिनदिक्कत चरत होत्या. त्यांना बहुतेक तो झोपेतून उठून उघडून देत असावा.

आम्ही काय खात होतो ते सांगते. खारट पाल्याची भाजी खायचो. ती कितीही उकळा, तोंड सोलून काढते. रोतेमच्या झुडपाची मुळं निखाऱ्यात भाजून चघळायचो. पूर्वी गावातून हाकललेली माणसं ती खातात म्हणून आम्ही त्यांना हसायचो. आता तिम्ना रोज उन्हात जाऊन ती मुळं खणून आणायची आणि आम्ही दोघी ती चावत बसायचो. तिचं दूध आटत चाललं होतं. पोर छातीला लागायची, ओढून ओढून दमायची आणि मग रडायची. तेही रडणं बारीक, दम नसल्यासारखं.

एक दिवस तिम्ना कुंपणाखालून सरपटत आत गेली. ओटी भरून गोल पानांची भाजी घेतली आणि बाहेर येताना गेराला सापडली. तिच्या हातापायांवर काट्यांचे ओरखडे होते. गेरा तिला दंडाला धरून विहिरीवर घेऊन आला, सगळ्या बाया पाणी उपसायला जमल्या होत्या तिथे.

"बघा बघा," तो म्हणाला. "अदोमची पोर चोरी करते."

तिम्ना मोठ्याने बोलणारी नाही. पण त्या दिवशी तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काका, सातव्या वर्षी ते शेत कुणाचं नसतं ना?"

"नसतं."

"मग कुंपण कुणाचं?"

बाया खो खो हसल्या. सेरह तर इतकी हसली की तिचा पोहरा विहिरीत पडला. गेराही हसला, पण त्याचा चेहरा मी बघितला होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं, हे प्रकरण इथे संपत नाही.

त्यानंतर अमावस्या झाली आणि नवी चंद्रकोर दिसली. त्या संध्याकाळी आमचं सगळं कूळ एका भांड्यात जेवतं. दुष्काळ असो नाहीतर सुकाळ, ते मोडत नाही. त्याला आम्ही झाकल्या हाताचं भांडं म्हणतो. प्रत्येक घराने आपल्याकडे असेल ते घरीच चिरायचं, फडक्यात झाकून आणायचं आणि फडक्याखालूनच उकळत्या पाण्यात सोडायचं. कुणी काय आणलं ते कुणी बघायचं नाही. ज्याने मांस आणलं त्याला मिरवता येऊ नये आणि ज्याने नुसता पाला आणला त्याची मान खाली जाऊ नये म्हणून ही चाल. चांगली चाल आहे. माझी आजी म्हणायची, या भांड्यामुळेच आपण एकमेकांना मारून टाकलेलं नाही. बिचारी आजी.

आम्ही रोतेमची मुळं आणि खारी भाजी नेली. सेरहने काय आणलं ते मला माहीत नाही, चालच तशी आहे. गेराही आला. बायको वारलेली, नोकरांना त्याने "माझ्याकडेच खायला नाही, तुम्हाला काय घालू" म्हणून केव्हाच घालवून दिलेलं. त्यामुळे स्वतःच्या हाताने चिरून, स्वतः फडकं धरून आला. भांड्यात सोडलं आणि बाजूला जाऊन बसला.

"भाऊजी, वाटी आणली नाहीत?" मी विचारलं.

"मी उपास धरलाय, हग्ला. पावसासाठी. गावासाठी कुणीतरी धरायला हवा."

म्हातारी माणसं त्याच्याकडे भक्तिभावाने बघायला लागली. मला अंगावर पाल पडल्यासारखं झालं.

वाट्या भरल्या. पहिला घास कडू लागला. पण त्या दिवसांत काय कडू नव्हतं? खारट पाल्याने जिभा आधीच सोलून निघालेल्या. प्रत्येकाला वाटलं, शेजाऱ्याकडे बिचाऱ्याकडे हेच असेल, आपण काय तोंड वाकडं करायचं. हेच ते आमचं सभ्यपण. मी थोडं खाल्लं आणि मला पुढचा घास घेववेना. तिम्नाने तर पोर रडत होती म्हणून अजून तोंडाला लावलं नव्हतं. याशोब आजोबांनी मात्र सगळी वाटी संपवली. हे आमच्या शेजारचे म्हातारे मेंढपाळ. तापात त्यांची चव गेली होती, आणि कितीतरी दिवसांनी पोटभर मिळत होतं. त्यांनी माझी वाटीही मागून घेतली.

"दे इकडं. टाकू नये," ते म्हणाले.

मी दिली.

थोड्याच वेळात सेरह पोट धरून किंचाळली. मग एकेक जण वाकडा व्हायला लागला. मी ओरडले, "थुंका! कुणी गिळू नका! थुंका!" कुणीतरी भांडं आडवं केलं. मातीत पसरलेल्या भाजीत हिरव्या सालीच्या पांढुरक्या चकत्या दिसल्या. मी एक उचलून जिभेला लावली. कडू इंद्रावण. ती वेल रेताड जागी पसरते, फळं काकडीच्या जातीची, गोल आणि देखणी. शेळी तोंड लावत नाही त्याला.

आमच्या बाया अशा वेळी पोटात जवाच्या पिठाची पातळ पेज घालतात. मी उठून गेराच्या पायाशीच गेले.

"भाऊजी, मूठभर पीठ द्या. आजोबांच्या तोंडात घालते. मूठभर."

"कुठलं पीठ, हग्ला? माझ्या घरात दाणा नाही. परमेश्वर साक्षी आहे."

याशोब आजोबा पहाटे गेले. बाकीचे वाचले.

सकाळी वेशीत वडीलधारे बसले. गेरा मधोमध, शेजारी अब्दोन आणि इतर म्हातारे. अब्दोन तसा मनाने चांगला आहे, म्हणजे कुणालाही नाही म्हणत नाही, गेराला तर नाहीच नाही. आम्हाला बोलावून उभं केलं. तिम्नाच्या कडेवर पोर होती.

गेरा उभा राहून बोलला. "रानात रोज कोण जातं? तिम्ना. मुळं, पाला, फळं कोण गोळा करतं? तिम्ना. काल भांड्यातलं कुणी खाल्लं नाही? तिम्नाने. आपल्या भांड्यात विष घालायला अदोमच्या माणसाला कारण लागतं का?"

"पोर रडत होती म्हणून तिने खाल्लं नाही," मी म्हणाले. "आणि भाऊजी, तुम्हीसुद्धा खाल्लं नाहीत."

"मी उपासाला होतो!"

"अगं, त्यांच्यावर काय बोलतेस," मागून कुणीतरी म्हणालं. सेरह होती. विहिरीवर हसलेली सेरह, अजून पोट धरून उभी. मी वळून तिच्याकडे बघितलं तर तिने नजर चुकवली.

तिम्ना म्हणाली, "मी इंद्रावण ओळखते. आमच्याकडे गुरांच्या जखमेला लावतात. मी कशाला घालू?"

"ऐकलंत!" गेरा म्हणाला. "ओळखते म्हणते!"

आता बोला. ओळखत नाही म्हणाली असती तर अडाणी म्हणून हाकलली असती, ओळखते म्हणाली तर खुनी म्हणून. तिच्या तोंडातून काहीही निघालं असतं तरी ते तिच्याच गळ्यात पडलं असतं. मी तिम्नाला खेटून उभी राहिले. लोकांना वाटलं असेल म्हातारी घाबरली.

निकाल झाला. तिम्नाने पोरीला घेऊन गाव सोडायचं, सूर्य डोक्यावर यायच्या आत. कुठे जायचं ते कुणी सांगितलं नाही, सांगायची गरजही नव्हती. वेशीबाहेर खाऱ्या समुद्राकडे उतरणारा उघडा डोंगर आहे. त्यावर माणूस नाही, पाणी नाही. दूध आटलेली बाई आणि कडेवरची पोर तिथे किती टिकणार ते त्या म्हाताऱ्यांना माहीत होतं. ते अंगरख्यांच्या काठांशी चाळा करत बसले होते.

"तिच्या घरात पुरुष नाही," गेरा म्हणाला. "हग्ला, निकाल मान्य म्हणून तू पुढे ये. तू मान्य केलंस तर तुला घर राहील."

आणि हात पुढे केला.

मी जागची हलले नाही. तेव्हा तिम्नाच माझ्या कानाशी आली. "सासूबाई, लावा ओठ. नाहीतर तुम्हालाही घालवतील. एफेर परत आला तर घरात कुणीतरी हवं ना?"

माझ्या आयुष्यात मला एवढा राग कधी आला नव्हता. गेराचा आला, अब्दोनचा आला, मिसरात जाऊन बसलेल्या माझ्या मुलाचा आला, त्या पोरीच्या समजूतदारपणाचा तर सगळ्यात जास्त आला. मी पुढे गेले. गेराचा हात तेलाने चकचकत होता. अख्ख्या गावात अंगाला लावायला तेल फक्त त्याच्याकडे उरलं होतं. पाणी पिण्यापुरतंसुद्धा नव्हतं, हात धुवायला कोण देतं? म्हणून सगळेच हात राखेने पुसत होते, आणि गेरा तेलाने. मी वाकले आणि बापासारखे ओठ त्या बैलाला टेकले.

कडू.

मला आधी वाटलं, रागच तोंडाशी आलाय. मी जिभेने ओठ चाटले. डोळ्यांत पाणी आलं. रात्री ती चकती जिभेला लावली होती, तेच कडू. अंगठीवरच्या बैलाच्या शिंगांमध्ये, पायांच्या खाचांत काहीतरी वाळून बसलं होतं.

मी गेराचं मनगट धरलं आणि सोडलं नाही.

"काय करतेस! सोड!"

"मान्य, भाऊजी! निकाल मान्य! सगळ्यांनी मान्य करायचा! अब्दोन भाऊजी, या, तुम्हीही ओठ लावा!"

"अगं, वडीलधाऱ्यांनी लावायचे नसतात..."

"आज लावा. लावा म्हणते ना!"

गेरा हात ओढायला लागला. तो ज्या जोराने हात ओढत होता, त्यावरूनच सगळ्यांच्या लक्षात आलं. अब्दोन उठला. त्याने गेराचं बोट धरलं, अंगठीवर आपलं बोट घासलं आणि ते जिभेला लावलं. त्याचं तोंड कसं झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तो बाजूला जाऊन थुंकला आणि थुंकतच राहिला.

मग सेरह आली. तिनेही बोट लावलं, चाटलं, आणि म्हणाली, "हेच. हेच होतं काल."

"फळ कुणी चिरलं, भाऊजी?" मी विचारलं. "अंगठी घालून कुणी चिरलं?"

गेराचा आवाज एकदम बारीक झाला. "शेताच्या खालच्या टोकाला वेल आली होती. काकडीसारखं दिसलं. मला काय माहीत? मी कधी रानातलं खाल्लंय का?"

"त्याच शेतात गोल पानांची भाजी आहे. ती का आणली नाहीत?"

तो अब्दोनकडे बघायला लागला.

"शेळ्यांना पाहिजे होती म्हणून? आणि फळ आधी स्वतः चाखलं का नाही? उपास होता म्हणून?"

कुणी हसलं नाही. मीही विनोद करत नव्हते.

आता मला वाटलं, न्याय होईल. मी इतकी वर्षं या गावात राहिले तरी मला तसं वाटलं. अब्दोनने तोंड पुसलं, दाढी कुरवाळली आणि म्हणाला, "चूक झाली. अजाणतेपणी झाली. झाकल्या हाताने काय आणलं ते विचारायची आपली चाल नाही. याशोब म्हातारा होताच. विषय इथेच मिटवू. तिम्ना राहू दे गावात. तिनेही आता मागचं उगाळू नये, उपकार मानावेत."

"उपकार?" मी म्हणाले. "थोड्या वेळापूर्वी हे विष होतं, भाऊजी. हिच्या फडक्यातून पडलं तेव्हा विष, आणि यांच्या फडक्यातून पडलं की चूक? याशोब आजोबा दोन वेळा वेगवेगळे मेले का?"

गेराने नेहमीच्या सवयीने हात पुढे केला. खरंच केला, निकालाचं चुंबन घ्यायला. मग स्वतःच चपापून मागे घेतला.

तिम्ना पुढे आली. तिने पोर माझ्या हातात दिली.

"सासूबाई, हिला धरा. मला काही मानायचं नाही. मला भाजी पाहिजे." आणि ती वेशीतून बाहेर पडली. डोंगराकडे नाही, खाली ओढ्याकडे.

तिच्या मागून मी गेले, माझ्या मागून सेरह, आणि मग सगळ्याच बाया. तिम्नाने कुंपणाचा पहिला काटा नुसत्या हाताने उपटला. हात रक्ताळले तरी थांबली नाही. आम्ही सगळ्या तुटून पडलो. गेराने वरून आरडाओरडा केला, पण खाली आला नाही. शेळ्या आमच्याकडे बघत होत्या, तोंडात आमचीच भाजी होती. तिम्नाने एक मूठ कच्चीच खाल्ली, काठावर बसली, आणि पोरीला माझ्याकडून परत घेतलं. दूध लगेच कुठलं येतंय. पण ती खात होती आणि पोर ओढत होती आणि मी उन्हाला आडवी उभी राहिले.

पुढची चंद्रकोर दिसली तेव्हा भांडं पुन्हा चुलीवर चढलं. कुणीतरी म्हणालं, या खेपेला नको. मी म्हणाले, का नको? फक्त फडकी उघडी ठेवायची. आजीला काय वाटेल ते वाटो. सगळ्यांनी आपापलं उघडं आणलं, पाला, मुळं, थोडा जव. कुणाची मान खाली गेली नाही. सगळ्यांकडे सारखं नव्हतं, पण लाज वाटावी इतकं थोडं सगळ्यांकडेच होतं.

गेरा शेवटी आला. झाकून आणलं होतं.

तिम्ना भांड्यापाशी उभी होती. "उघडा, काका."

"अगं, चाल..."

"उघडा."

त्याने फडकं बाजूला केलं. जवाचं पीठ होतं. बारीक चाळणीतून चाळलेलं, कोंड्याचा कणही नसलेलं, स्वच्छ, भरपूर पीठ. दोन वर्षांत तसं पीठ आम्ही कुणी बघितलं नव्हतं. त्याला वाटलं असेल, पीठ बघून आम्ही सगळं विसरू. मूठभर पिठासाठी मी त्याच्या पायाशी गेले ती रात्र मला आठवली. दाणा नाही म्हणाला होता. परमेश्वराला साक्षी ठेवून म्हणाला होता.

मी पीठ भांड्यात टाकलं. भुकेलेल्या माणसाने पीठ मातीत टाकायचं नसतं. दाट, चांगली पेज झाली. वाट्या भरल्या. पहिली भरलेली वाटी याशोब आजोबांची, लाकडी, काठ झिजलेली. ती मी गेराच्या पुढ्यात ठेवली.

"आज उपास नाही ना, भाऊजी?"

तो वाटीकडे बघत बसला. आम्ही कुणी आमच्या वाटीला हात लावला नाही. पोर रडायला लागली तरी तिम्नाही हलली नाही.

"खा," मी म्हणाले. "सगळी संपवा. टाकू नये."